खालच्या काकांचं ऑक्सफर्ड

ऑक्सफर्ड शहराची आमच्या खालच्या काकांइतकी खडान्‌खडा माहिती असलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि पुढेही पाहीन असं वाटत नाही. खुद्द ऑक्सफर्डात कुणी असेल तर असो बापडा. पण त्याने ते शहर पाहिलेलं असणार, मग त्यात काय मोठंसं? काकांनी ते पाहिलेलंच नव्हतं. ते मूळचे नाशिकचे, कुवेतच्या एका रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर, आणि तिथल्या मंगफ या उपनगरात आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहायचे. आमच्या बिल्डिंगमध्ये काका पुष्कळ होते, म्हणून हे ‘खालचे काका’. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याने आपला एसी बंद करून ऐकावं.

शाळांना उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की बिल्डिंगमधलं कोण इंग्लंडला चाललंय याचा सुगावा त्यांना ट्रॅव्हल एजंटच्याही आधी लागायचा. संध्याकाळी दारावर टकटक. “लंडनला चाललात म्हणे. छान. पण लंडनात काय आहे? गर्दी. एक दिवस ऑक्सफर्डला काढा.” मग चहाचा कप हातात घेऊन ते सुरुवात करायचे. आधी कारफॅक्सच्या चौकात उभं राहायचं, तिथल्या मनोऱ्यावर चढायचं, म्हणजे शहर कुठे आहे ते कळतं. मग बॉडलियन वाचनालय, त्याच्या मागची ती गोल घुमटाची इमारत, मग दोन इमारतींना रस्त्यावरून जोडणारा कमानीचा पूल. पुलाखाली घाई करायची नाही, मान वर करून उभं राहायचं. आणि शेवटी क्राइस्ट चर्चच्या मागचं मोठं कुरण. “तिथे काय बघायचं, काका?” “काही नाही. तिथे बसायचं.” माणसं माना डोलवायची, जाऊन यायची, आणि आल्यावर त्यांची तोंडी परीक्षा व्हायची.

ही परीक्षा भल्याभल्यांना जड गेली. तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं परत आलं ते ऑक्सफर्डच्या गप्पा मारतच. “आणि ती गोल इमारत,” बाई म्हणाल्या, “आतून काय झकास आहे हो काका.” काकांनी कप खाली ठेवला. “आत सोडत नाहीत,” ते अगदी प्रेमाने म्हणाले, “विद्यार्थी वाचत बसलेले असतात ना. पुढच्या वेळी बाहेरूनच बघा, पण बघा.” त्यानंतर ते जोडपं महिनाभर लिफ्टमध्ये काका दिसले की जिन्याने जायचं. आमच्या ह्यांचं तर विचारूच नका. कंपनीच्या ट्रेनिंगला म्हणून आठ दिवस इंग्लंडात होते, ऑक्सफर्डला गेलेही, आणि येताना काकांसाठी एक किचेन घेऊन आले. कुठे कुठे गेलात, तर हे म्हणे, बसस्टँडच्या बाजूला एक चांगलं मोठं दुकान होतं. काकांनी किचेन हातात फिरवलं, “छान आहे,” म्हणाले, आणि काकूंना हाक मारून ह्यांना अजून एक लाडू द्यायला सांगितलं. रागावले असते तर परवडलं असतं, असं हे अजून म्हणतात.

पण काकांची खरी कमाल पुढेच आहे. त्यांनी आख्खं ऑक्सफर्ड मंगफमध्ये आणून ठेवलं होतं. कोपऱ्यावरचं किराणा दुकान, म्हणजे तिकडे ज्याला सगळे बकाला म्हणतात ते, हा कारफॅक्सचा चौक. त्याच्या पलीकडचं झेरॉक्सचं दुकान म्हणजे बॉडलियन. खजुराची झाडं लावलेला गोल राउंडअबाउट ही गोल इमारत. दोन बिल्डिंगांच्या मधे डिशच्या तारांचा जो काय गुंता लोंबकळत होता तो कमानीचा पूल, आणि त्याच्याखाली काका खरोखर मान वर करून उभे राहायचे. ऑक्सफर्डात एका कुंपणावर म्हणे दाढीवाल्या पुरुषांची दगडी मुंडकी आहेत; ती आमच्याकडे सलूनच्या काचेवर होती, वेगवेगळे हेअरकट केलेली. आणि शेवटी जी रेताड मोकळी जागा, जिथे सगळे गाड्या लावायचे आणि गाड्यांखाली मांजरं झोपायची, ते कुरण. शुक्रवारी सकाळी, ऊन तापायच्या आत, काका आणि काकू ही सगळी फेरी करायचे. नवीन कुणी बिल्डिंगमध्ये राहायला आलं की त्यालाही न्यायचे. सूचना एकच, “समुद्र उजव्या हाताला ठेवायचा, म्हणजे चुकत नाही.” समुद्र आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे होता, बिल्डिंगांमुळे दिसायचा नाही, पण वास यायचा.

हसू नका. दोन-तीन वर्षांत आम्ही सगळेच तसं बोलायला लागलो. “कारफॅक्सवरून दही आण,” असं मी मुलीला सांगायचे आणि ती “ओके, मम्मा” म्हणून बरोबर जायची. बकालावाला केरळचा, भला माणूस. तोही फोन उचलून “हॅलो, कारफॅक्स” म्हणायला लागला. एकदा पुण्याहून माझा भाऊ आला होता. त्याला कुणीतरी सांगितलं की तुझे भावजी बॉडलियनमध्ये इकाम्याची झेरॉक्स काढतायत. इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना, तो भावाला माहीत होता, पण बॉडलियन काही केल्या झेपेना. तो दिवसभर माझ्याकडे काळजीने बघत होता.

त्यातच काकांची वेळेची तऱ्हा. क्राइस्ट चर्चचं घड्याळ अजून जुन्या ऑक्सफर्ड वेळेवर चालतं, पाच मिनिटं मागे, असं त्यांनी वाचलं होतं. मग काकाही सगळीकडे पाच मिनिटं उशिरा. गणपतीची आरती असो की कुणाचा वाढदिवस, दारात येऊन शांतपणे म्हणायचे, “वेळेवर आलोय, तिकडच्या.” कंपनीच्या बसला मात्र इकडचीच वेळ पाळावी लागे. काकूंनी काय करावं? घरातली सगळी घड्याळं गुपचूप दहा मिनिटं पुढे केली. काकांना ते ठाऊक होतं असा माझा संशय आहे, पण दोघांनीही कधी विषय काढला नाही.

मग एवढं होतं तर माणूस गेला का नाही? अहो, जायला मिळायला नको? वर्षाची रजा आली की नाशिक. कधी आईचं आजारपण, कधी बहिणीच्या मुलीचं लग्न, मग गंगापूर रोडला फ्लॅटचं बांधकाम. काकू दर वर्षी म्हणायच्या, “जाऊ हो पुढच्या वर्षी.” असं करता करता काका साठीला आले. तिकडचा हिशेब सरळ असतो: नोकरी संपली की इकामा संपला, इकामा संपला की कुवेत संपलं. आणि एकदा नाशिकला जाऊन पेन्शनविना बसलेला माणूस ऑक्सफर्डला कशाला जातोय? हे काकांना कळत होतं, आम्हालाही कळत होतं. काकूंचे गुडघे तोवर फार दुखायला लागले होते. तेव्हा शेवटच्या उन्हाळ्यात काकूच म्हणाल्या, “आता नाही तर नाही. काढा तिकिटं.” लंडनला त्यांचा भाचा होता. त्याच्याकडे चार दिवस, आणि त्यातला एक आख्खा दिवस ऑक्सफर्डसाठी. सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळच्या बसने परत.

अख्खी बिल्डिंग खाली निरोपाला उतरली होती. काकांनी नवा शर्ट घातला होता आणि ते कुणाशीच बोलत नव्हते. मला एवढंच म्हणाले, “अगं, नीट बघून येतो.” 

ते परत आल्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे जमलो. मनात सूड होता, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत काकांनी नापास केलेले सगळे विद्यार्थी पोह्याच्या बश्या घेऊन गोल करून बसले होते. पहिला मान आमच्या ह्यांचा. “हं काका, कारफॅक्सच्या मनोऱ्यावरून काय दिसलं?” काका म्हणाले, “चढलो नाही.” आम्हाला वाटलं गुडघ्यांमुळे असेल. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, “ती गोल इमारत? बाहेरूनच ना?” सगळे हसले. काका म्हणाले, “नाही पाहिली.” “आणि पूल?” “तोही नाही.” आता कुणाला हसू येईना. काका उठले, “दही संपलंय वाटतं,” म्हणाले, आणि चपला घालून बकालावर गेले. पोहे तसेच राहिले. दह्याचं पातेलं टेबलावर काठोकाठ भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकूंचे गुडघे शेकायला मी खाली गेले, तेव्हा त्यांनी सांगितलं. बस उशिरा पोचली. काकूंना चालवेना, म्हणून काका म्हणाले, आपण उलटं करू, आधी कुरण, तू तिथे बस. टॅक्सीने तिथपर्यंत गेले. “आणि काय सांगू तुला,” काकू म्हणाल्या, “समोर गाई. खऱ्या गाई. शिंगं ही एवढी लांब, आणि एवढं गवत की त्यांना कुठून सुरुवात करावी कळत नव्हतं. माझं माहेर निफाडचं. बारा-तेरा वर्षं वाळू बघितली गं मी. मी तिथेच बाकावर बसले ती बसलेच. ह्यांना म्हटलं, एवढी छान शिंगं, पोळ्याला रंगवायला कुणी नाही बिचाऱ्यांना. आणि म्हटलं, तुम्ही जा, सगळं बघून या, मी काही हलत नाही.”

काका गेले, आणि थोड्या वेळाने परत आले. शर्ट घामाने भिजलेला. कारफॅक्स सापडलं नाही म्हणाले. फाटकाबाहेर पडून सरळ रस्त्याने जायचं, हाकेच्या अंतरावर तो चौक, पण काका फाटकाबाहेर उभेच राहिले. बकाला नाही, सलून नाही, तारांचा गुंता नाही. आणि समुद्र कुठल्या हाताला तेच कळेना. शेवटी त्यांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांना थांबवून विचारलं की समुद्र कुठल्या बाजूला आहे. त्या गृहस्थांनी बराच विचार केला म्हणे, आणि मग अतिशय नम्रपणे सांगितलं की समुद्रासाठी तुम्हाला गाडी पकडावी लागेल.

मला हसू फुटलं. काकूही हसल्या, आणि मग डोळे पुसायला लागल्या. “मी म्हटलं, चला, मी येते बरोबर, हळूहळू जाऊ. तर म्हणाले, नको, इथंच बरंय. माझ्याशेजारी बसले. आम्ही दशम्या खाल्ल्या, गाई बघितल्या, बसची वेळ झाली. घाबरले होते गं. मी ओळखते ना. मीही घाबरलेच होते की.”

त्या कशाबद्दल बोलतायत ते मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. इराकने कुवेतवर हल्ला केला तेव्हा दोघं तिथेच होते, कसेबसे भारतात पोचले. युद्धानंतर काका एकटे परत आले, तेव्हा कंपनीने हा फ्लॅट दिला. लोकांनी सगळं लुटून नेलेलं, बल्बसुद्धा. फक्त शेगडीखाली, ती डुगडुगू नये म्हणून, ऑक्सफर्ड शहराचं एक जुनं इंग्रजी प्रवासाचं पुस्तक घातलेलं होतं. कुणा आधीच्या भाडेकरूचं. ते तेवढं कुणाला नको होतं. टीव्ही नाही, बायको नाही. काकांनी ते पाठ केलं. वर्षाने काकू आल्या, पण त्या दाराबाहेर पाऊल टाकायला तयार होईनात. युद्धाच्या दिवसांत जे पाहिलं होतं ते त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं; खाली गाडी जोरात थांबली तरी त्या आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. काकांनी समजावलं नाही, रागावले नाहीत. एके दिवशी म्हणाले, “चल, ऑक्सफर्ड बघायला जाऊ. आज फक्त कारफॅक्सपर्यंत.” आणि त्यांना कोपऱ्यावरच्या बकालापर्यंत नेऊन आणलं. काही दिवसांनी बॉडलियनपर्यंत. मग पुलापर्यंत. “कुरणापर्यंत पोचायला मला आख्खा हिवाळा लागला,” काकू म्हणाल्या. “माझा हात धरायचे आणि सांगायचे, समुद्र उजव्या हाताला आहे, म्हणजे आपण चुकलो नाही.”

मी शेक द्यायची पिशवी पुन्हा गरम करून आणली. इतकी वर्षं आम्ही त्या माणसाच्या वेडाला हसत होतो, आणि ते वेड नव्हतंच. आता ते कुणाला सांगायचं आणि कसं? मी कुणालाच सांगितलं नाही. पण त्यानंतर आमच्या घरातून काकांची परीक्षा कुणी घेतली नाही.

त्या वर्षाअखेर ते नाशिकला गेले. बिल्डिंगमध्ये नवीन माणसं आली, झेरॉक्सचं दुकान गेलं, तारा काढून टाकल्या. आम्हीही पुढे पुण्याला परतलो, आणि एकदा नाशिकला काम निघालं तशी मी त्यांच्याकडे गेले. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं होतं. डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलेलं, आणि काकू पडायच्या भीतीने दाराबाहेर यायला तयार नव्हत्या. काका थकले होते, पण शर्टाला दोन पेनं होती. सकाळी ऊन कोवळं होतं. ते दारात उभे राहून नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, “चल, आज फक्त बकालापर्यंत.”

मला वाटलं, आता नाशिकात बकाला कुठून आला? पण काकूंनी काठी उचलली. आम्ही तिघं निघालो. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान म्हणजे बकाला, हे मला लगेच कळलं. पलीकडे केशकर्तनालय होतं. “आपलं सलून,” काका म्हणाले. रस्त्यापलीकडच्या एका अर्धवट बांधकामाकडे त्यांनी बोट केलं, तो आमच्या बिल्डिंगचा जिना. पाचव्या मजल्यावर कपडे वाळत होते. “तुझी बाल्कनी,” ते म्हणाले. इंग्लंडातलं काहीही त्यांनी दाखवलं नाही. मंगफमध्ये असताना मंगफकडे आमच्यापैकी कुणी धड बघितलंही नव्हतं, आणि हा माणूस ते सगळंच्या सगळं बरोबर घेऊन आला होता. मला एकदम रडू आलं. उन्हाचं निमित्त करून मी पदर डोळ्यांवर धरला.

औषधाच्या दुकानाच्या थोडं अलीकडे काकू थांबल्या. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी उजवीकडे बघितलं. तिकडे एका मंगल कार्यालयाची भिंत होती, आणि भिंतीला टेकून लावलेल्या स्कूटर.

“आज समुद्र शांत आहे,” काकू म्हणाल्या.

“वारा पडलाय ना,” काका म्हणाले, आणि त्यांनी काकूंचा हात धरला.