साहेबाची करवंदं

सौदीतल्या खफजीच्या कॅम्पात एका खोलीत आम्ही दोघे वेल्डर, दोघेही रत्नागिरीकडचे. पुढच्या मे महिन्यात शटडाऊन, म्हणजे प्लँट बंद ठेवून दुरुस्तीचं काम, लागणार होतं आणि फोरमननं सांगून टाकलं, तुमच्यापैकी एकालाच सुट्टी, कोणाला ते तुम्हीच ठरवा. माझा पार्टनर दोन वर्षांपूर्वी मुलीला पाळण्यात ठेवून आला होता. मला आंबे, फणस आणि करवंदं खायची होती. त्याच्यापुढं माझं कारण कोतं होतं हे कळत होतं, पण मे महिना सोडायचं माझ्या जिवावर आलं होतं. आठ दिवस आम्ही भांडलो.

तेवढ्यात अमेरिकन साहेब घरून परतला आणि संध्याकाळी मेसमध्ये त्यानं एक डबा उघडला. त्याच्या गावच्या डोंगरावरच्या रानटी झुडपांची फळं, ब्लूबेरी. काळीनिळी, वाटाण्याएवढी. आम्हा कोकणवाल्यांच्या लेखी ती करवंदंच, फक्त बिनचिकाची. आणि करवंद हातात आलं की आमच्याकडे आधी विचारायचं, "कोंबडा की कोंबडी?" मग चावायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी.

"यावरच ठरवू सुट्टी," पार्टनर म्हणाला. "तू मोठा, तू बोल आधी."

मी जन्मभर कोंबडाच म्हणत आलोय. तेच म्हटलं आणि चावलं. आत फिकट पांढरं. मी आणखी दोन डाव मागितले. दोन्हीला कोंबडीच. साहेब बिचारा बघतच राहिला. मिशीवाले बाप्ये अर्धं चावलेलं फळ एकमेकांच्या नाकापुढं धरून भांडतात, हे त्यानं कुठं पाहिलं असणार?

मे महिन्यात पार्टनर गेला. मी उन्हात पाईप जोडत त्याच्या नावानं बोटं मोडली.

परत आल्यावर करवंदाच्या लोणच्याची बरणी माझ्यापुढं ठेवून तो म्हणाला, "खरं सांगू? साहेबाची ती फळं सगळी कोंबडीच असतात. त्या दिवशी सकाळी साहेबाचं गेट जोडायला गेलो होतो, तेव्हा त्यानं मूठभर दिली होती."

माझं डोकंच फिरलं. "आणि पोरगी?" मी दरडावून विचारलं.

"जवळच येईना. पंधरा दिवस आईच्या मागं. मग एकदा करवंद पुढं करून म्हणाली, कोंबडा की कोंबडी? मी कोंबडी म्हटलं. कोंबडा निघाला. हसली, बाबा हरला म्हणाली, आणि मांडीवर येऊन बसली."

त्याच्यासाठी चार शिव्या काढून ठेवल्या होत्या. दोनच घातल्या आणि बरणी उघडली.