मुकी अक्षरं

दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये ताईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुठल्या पेशंटचे कागद कुठल्या कप्प्यात, हे त्या न बघता सांगत. इंग्रजी स्पेलिंग तर त्यांचं कधीच चुकत नसे. त्याचं श्रेय त्या शाळेतल्या मास्तरांना देत. शब्द जसा लिहितात तसाच मनात म्हणायचा, म्हणजे एकही अक्षर निसटत नाही, ही मास्तरांची युक्ती. ‘वेड-नेस-डे’. ‘क-नाइफ’. पुढे रोजच्या बोलण्यातले शब्द कानावर पडून आपोआप सुधारले. पण जे शब्द फक्त कागदावरच भेटायचे, ते मनात तसेच्या तसे राहिले. रेकॉर्ड रूममध्ये मोठ्यानं बोलायची वेळ येत नसे, म्हणून त्यात कुणाचं काही बिघडलंही नाही.

मग माइकवर बोलणारी मुलगी नोकरी सोडून गेली. ताईंचा आवाज गोड आणि खणखणीत. सुपरिंटेंडंटांनी तो एकदा जिन्यात ऐकला आणि दुसऱ्याच दिवशी ताईंना पहिल्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत बसवलं. समोर माइक, एक लाल बटण, आणि खालच्या काउंटरवरून येणाऱ्या चिठ्ठ्या. घरी आनंदीआनंद झाला. सासूबाईंनी तर जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगितलं, “आता अख्ख्या दवाखान्यात हिचाच आवाज घुमणार!”

घुमला खरा. त्याच आठवड्यात सासूबाई डोळे दाखवायला आल्या होत्या आणि खालच्या हॉलमध्ये नंबरची वाट बघत होत्या. एक चिठ्ठी आली. अमुक पेशंटनं मनोविकार विभागात जावं, असा निरोप होता, पण विभागाचं नाव इंग्रजीत लिहिलेलं. पी, एस, वाय, सी, एच. हे नाव ताईंनी हजार वेळा लिहिलं होतं. बोलताना मात्र सगळे त्याला ‘सतरा नंबर’ म्हणायचे. त्यांनी बटण दाबलं आणि मनात जसं होतं तसं वाचलं, “कृपया पिसीचियाट्री विभागात यावे.” नियमाप्रमाणे दोनदा.

काचेपलीकडून हसण्याची लाट वर आली. काय झालं ते ताईंना आधी कळेना. मग एक वॉर्डबॉय दारात डोकावला आणि पोट धरून म्हणाला, “सायकियाट्री हो, ताई! पिसी काय? वेडीपिशी?”

झालं. संध्याकाळपर्यंत त्यांची ‘पिशीबाई’ झाली होती. कॅन्टीनमध्ये चहा ओतणाऱ्यापासून भूलतज्ज्ञापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच.

घरी सासूबाईंनी जेवताना विचारलं, “तुझा आवाज आला ना, तेव्हा मी शेजारच्या बाईंना म्हटलं, ही माझी सून. तेवढ्यात सगळे हसले. मग मीपण हसले. पण का गं हसले लोक?”

“कुणीतरी पाय घसरून पडलं असेल,” ताई म्हणाल्या.

“तरीच,” म्हणून सासूबाईंनी आमटीची वाटी पुढे केली. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून चिठ्ठी आली की कागदात विंचू असावा तशी त्या घडी उलगडत. कुणाला विचारायचं तर आणखी एका माणसाला आपलं अज्ञान दाखवायचं. मोबाइलला विचारून पाहिलं, तर त्यातली बाई शब्द भरकन बोलून गप्प. कुठलं अक्षर गिळलं आणि का गिळलं, ते तिला कोण विचारणार? ताई अवघड शब्द घाईघाईनं, खोकल्यात बुडवून वाचू लागल्या. पेशंट चुकीच्या मजल्यावर जाऊ लागले.

काचेच्या खोलीच्या एका बाजूला नुसती प्लायवूडची भिंत होती. पलीकडे पक्षाघातानं वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणाऱ्या मॅडम बसत. सकाळी तिथे एक वयस्कर गृहस्थ येऊ लागले. कुठल्याशा विमा कंपनीत मोठे साहेब होते, सगळं आयुष्य इंग्रजीत गेलेलं. झटका आला आणि बोलणं बंद पडलं. परत येऊ लागलं तेव्हा मराठीआधी इंग्रजी शब्द आले. मॅडम त्यांना शब्दांची कार्डं वाचायला देत. आणि साहेब, ज्यांनी आयुष्यभर फर्डं इंग्रजी झाडलं, ते आता प्रत्येक शब्द जसा लिहिलाय तसा वाचत.

“इस... इस-लँड.”

“आयलँड,” मॅडम शांतपणे म्हणत. “यातला एस मुका आहे. घरजावयासारखा. घरात असतो, पण बोलत नाही.”

ताईंचा हात चिठ्ठीवरच थांबला. इस-लँड! त्यांच्याही मनात तो इस-लँडच होता.

मग रोज सकाळी त्या भिंतीकडची खुर्ची धरू लागल्या. साहेब ‘डेब्ट’ म्हणाले की मॅडम सांगायच्या, बी मुका. ‘रिसीप्ट’ म्हणाले की पी मुका. पी आणि एस जोडीनं सुरुवातीला आले तर पी बोलतच नाही. पी-एन-ई-यूचंही तेच, तो न्यूमोनिया. मॅडमना घाई नसे. एकेक शब्द त्या दहादा म्हणत, अक्षर अक्षर सोडवून दाखवत. असं ताईंना कुणी कधी शिकवलं नव्हतं.

पण त्यातच एक वाईट गोष्ट झाली. साहेब चुकले की ताईंना बरं वाटू लागलं. एवढा शिकलेला माणूस आणि चुका आपल्यासारख्याच! एका सकाळी साहेबांनी ‘आयलँड’ स्वच्छ म्हटलं, मॅडमनी टाळ्या वाजवल्या, आणि ताई चक्क हिरमुसल्या. दुसऱ्या क्षणी त्यांना स्वतःचीच किळस आली. एका म्हाताऱ्या माणसानं अडखळावं म्हणून आपण कान लावून बसलोय! पण दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा भिंतीशीच सरकली.

साहेबांच्या पत्नी बाहेर बाकावर बसत, मांडीवर त्यांचा डबा आणि स्वेटर घेऊन. एकदा ताईंचं दार अर्धवट उघडं राहिलं. पलीकडे साहेब म्हणाले, “स्... स्वोर्ड.” अलीकडे ताईही पुटपुटल्या, “स्वोर्ड.” मॅडम म्हणाल्या, “सोर्ड.” ताई म्हणाल्या, “सोर्ड... स्वोर्ड नाही, सोर्ड.”

दारात सावली पडली.

“नक्कल करता?” साहेबांच्या पत्नी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “अहो, दोन महिन्यांपूर्वी या माणसाला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. आणि तुम्ही भिंतीला कान लावून त्यांची थट्टा करता? तुमच्या घरात कुणी आजारी पडत नाही का?”

एका वाक्यात सुटका होती: मला वाचता येत नाही, म्हणून मी शिकतेय. ते वाक्य ताईंच्या ओठांपर्यंत आलं. पण बाहेर पॅसेजमध्ये तोच वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन उभा होता. अडाणी ठरण्यापेक्षा दुष्ट ठरलेलं परवडलं, असं त्या घटकेला त्यांना वाटलं.

“चुकलं माझं,” त्या खाली बघून म्हणाल्या.

“चुकलं म्हणे!” असं म्हणून त्या बाई वळून गेल्या.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही. मॅडमचा आवाज तेवढा येत होता. “वाचा ना. काल तर छान वाचत होतात. कुणी काही बोललं का?” साहेब गप्प. तिसऱ्या दिवशीही गप्प. पत्नीनं त्यांना सांगितलं असावं, किंवा दारातलं बोलणं त्यांनीच ऐकलं असावं. भिंत प्लायवूडचीच होती, आवाज दोन्हीकडे जात होता. हे ताईंना आत्ता सुचलं. ज्या हसण्यानं आपला घास कडू झाला होता, तेच हसणं आपण त्या माणसाच्या वाट्याला दिलं. आणि तेही न हसता.

चौथ्या दिवशी त्यांनी चार चिठ्ठ्या हातात घेतल्या आणि पलीकडचं दार वाजवलं. आत तिघंही होती. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

“मी नक्कल करत नव्हते,” ताई म्हणाल्या, आणि मग एका दमात सगळं बाहेर पडलं. पिसीचियाट्री, सासूबाई, भिंत, इस-लँड. कानशिलं पेटली होती. “तुम्ही चुकलात की मला बरं वाटायचं, तेवढं मात्र खरं. त्याची मला लाज वाटते. पण थट्टा नव्हती हो. हे बघा, मला यातलं काही वाचता येत नाही.” त्यांनी वरची, संधिवात विभागाची चिठ्ठी उलगडली. “ऱ्ह्यू... ऱ्हेउमा...”

मॅडमनी तोंड उघडलं, पण साहेबांनी हात वर केला. चिठ्ठीकडे वाकून पाहिलं. ओठ बराच वेळ हलत राहिले.

“रू,” ते म्हणाले. मग थांबून, “एच... मुका.”

“रूमॅटॉलॉजी,” मॅडमनी हळूच पुरं केलं.

साहेबांच्या पत्नी मात्र हसल्या नाहीत. “हे त्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?” त्यांनी विचारलं. “तीन दिवस हा माणूस घरीसुद्धा बोलला नाही. भूक लागली तरी नुसता हात दाखवायचा.”

वॉर्डबॉय उभा होता, हे कारण आता सांगण्यासारखं राहिलं नव्हतं.

साहेब परत वाचू लागले. मॅडमनी ताईंना बजावलं की पेशंटच्या वेळात कान लावायचा नाही, अडलं तर जेवणाच्या सुट्टीत यायचं. ताई जाऊ लागल्या. सगळे शब्द काही सुटले नाहीत. इंग्रजीला जिथे नियम आहे तिथेही तो कधी मोडेल याचा भरवसा नसतो. पण खोकला थांबला. नवा शब्द दिसला की त्या काउंटरवर फोन करून सरळ विचारत, “हे कसं म्हणायचं?” पलीकडून कधी उत्तर यायचं, कधी आधी हसू यायचं. हसू आलं की कान तापायचेच.

काही महिन्यांनी साहेबांचं येणं संपलं. शेवटच्या दिवशी ती दोघं काचेसमोरून लिफ्टकडे निघाली होती. साहेबांनी हात हलवला. त्यांच्या पत्नीनं ताईंकडे पाहिलं, मान किंचित हलवली की नुसता चष्मा सावरला, ते नीट कळलं नाही. ताई उठणार, तेवढ्यात चिठ्ठी आली, तातडीची. त्यांनी बटण दाबलं, नाव वाचलं, विभाग वाचला, नियमाप्रमाणे दोनदा. मान वर केली तेव्हा लिफ्ट खाली गेली होती.