न वाचलेलं दुसरं पान

दुसऱ्या कुणाला एखादा कागद मोठ्याने वाचून दाखवताना तुम्ही त्यातलं किती गाळता? लगेच "काहीच नाही" म्हणू नका. गेल्या आठवड्यापर्यंत मीही तेच म्हणत होते.

दीड वर्ष झालं, मी देशाबाहेर फिरते आहे. एका शहरात दोन-तीन महिने राहायचं, सकाळी मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवायचं, उरलेला दिवस भटकायचं आणि लिहायचं. हनोईत खोली घेतली तेव्हा माझी कॉलेजातली मैत्रीण म्हणाली, "मी येते चार दिवस." ती तलासरीच्या पुढची, अच्छाडच्या अलीकडे हायवेला लागून एक पाडा आहे तिथली. वापीच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. पासपोर्ट पहिल्यांदाच काढला होता. खोलीवर आल्यावर तिने बॅगेतून सुकटीच्या चटणीची बरणी काढली आणि तिच्यामागून एक निळी फाईल.

"फाईल कसली गं?"

"आमच्या विहिरीची. आधी शहर दाखव, मग बोलू."

विहिरीचं फोनवर कळलं होतं. शेजारच्या गोदामवाल्याने उन्हाळ्यात तारेचं कुंपण घातलं आणि पाड्याची विहीर कुंपणाच्या आत गेली. तेव्हापासून तिची आय आणि बाकीच्या बायका हंडे घेऊन हायवे ओलांडतात आणि पलीकडच्या हातपंपावरून पाणी आणतात. गुजरातकडे निघालेले ट्रक त्यांच्यासाठी थांबत नाहीत. त्याविरुद्ध पाड्याने तक्रार केली होती आणि सुनावणी लागायची होती. मी फोनवर अर्धा तास संतापले होते. संतापणं मला जमतं.

मी त्याच पट्ट्यातल्या आशागडची. आमच्या घरात पाहुणा आला की आधी पत्रकांचे गठ्ठे बाजूला करावे लागत. वडील लाल बावट्याच्या संघटनेत. मी अक्षरं पत्रकांवरच गिरवली. 'आई' लिहायच्या आधी मला 'जागे व्हा' लिहिता येत होतं. आवाज खणखणीत, म्हणून वडील मला पाड्यापाड्यांवर कागद वाचायला न्यायचे. पद्धतच तशी होती. कागद सरकारी असो की खासगी, सगळे जमणार, कुणीतरी मोठ्याने वाचणार आणि ऐकून पटलं की सही नाहीतर अंगठा. विश्वास कागदावर नसायचा, वाचणाऱ्यावर असायचा. याचा मला फार अभिमान होता.

हनोईचं नावही मी पत्रकांतच पहिल्यांदा वाचलं होतं. त्यामुळे मैत्रिणीला शहर असं दाखवत होते जसं काही माझं माहेरच आहे. इथे बॉम्ब पडले, इथे लोक उभे राहिले. समोर परदेशी घड्याळांचं दुकान होतं, ते मी वगळलं.

"सभा सुरू झाली," ती म्हणाली.

पहिल्याच संध्याकाळी रस्ता ओलांडायचा होता. तिथे स्कूटरींचा लोंढा थांबत नाही. आपण एका चालीने पुढे जायचं, तेच बाजूने वळतात. मी तिला हे समजावलं आणि हात धरला. ती मधोमध गोठली. तिला ओढत पलीकडे नेलं. फुटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्यावर ती म्हणाली, "हे निदान बघून तरी वळतात. आय डोक्यावर हंडा घेऊन ओलांडते, रोज चार खेपा." मी कॉफी मागवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रेंचांच्या काळातल्या जुन्या तुरुंगात गेलो. तिथे आता संग्रहालय आहे. एका कोठडीबाहेरच्या इंग्रजी पाटीसमोर मी सुरू झाले. "इथे राजबंद्यांचे पाय लोखंडात अडकवून ठेवायचे. तरी ते एकमेकांना शिकवायचे, लपून लिहायचे..."

"पाटीवर चौदा ओळी आहेत. तू तीन सांगितल्यास."

"तुला कुठे इंग्रजी..."

"इंग्रजी अडखळत येतं. ओळी मोजायला इंग्रजी लागत नाही."

"अगं, बाकी नुसती मापं आहेत. कोठडीची लांबी, रुंदी, माणसं किती."

"मग तेच वाच. आमच्याकडे वाचलं नाहीस, इथे तरी वाच."

ती अंगणात गेली आणि बदामाच्या झाडाखाली बसली. मी शेजारी टेकल्यावर फाईल उघडून तिने दोन पानं माझ्या मांडीवर ठेवली. तहसील कार्यालयातून काढलेली नक्कल होती.

पहिलं पान मी लगेच ओळखलं. गोदामापर्यंत रस्ता होणार, तो पाड्यालाही वापरता येणार, त्यासाठी जागा देण्यास आमची हरकत नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मीच हे तिच्या अंगणात वाचलं होतं. रस्ता ही आमचीच जुनी मागणी होती, त्यामुळे आवाजात जोर होता. टाळ्याही आठवल्या.

दुसरं पान मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते.

तक्ता होता. गट नंबर, क्षेत्र, गट नंबर, क्षेत्र. पाचव्या ओळीत विहिरीचा गट. तक्त्याखाली एक वाक्य: वरील सर्व क्षेत्र कायमच्या वापरासाठी देण्यास संमती आहे. आणि त्याच्याखाली अंगठे, तीन रांगा.

"तू म्हणालीस, हा नुसता तक्ता आहे," ती म्हणाली. "आणि अंगठ्याची जागा दाखवलीस."

बाजूने कानाला माहिती सांगणारी यंत्रं लावलेले पर्यटक जात होते. मी म्हणाले, "त्या गोदामवाल्याने फसवलं आपल्याला."

"फसवलंच. पण त्याने लिहून दिलं होतं. न सांगणारी तू."

"फोनवर का नाही बोललीस?"

"फोनवर तू भाषण ठोकलं असतंस." मग ती म्हणाली, "मी तरी काय केलं? वाचता मलाही येत होतं. मी आयचा अंगठा धरून शाईत बुडवला. माझी मैत्रीण वाचते म्हणून मिरवत होते."

मी का गाळलं असेल? वाईट हेतू नव्हता, घाईही नव्हती. मला तक्ता कागदाचा भागच वाटला नाही. मी पत्रकांवर वाढले. पत्रकात जे महत्त्वाचं असतं ते ठळक असतं, आणि वाचताना आवाज आपोआप चढतो. जिथे आवाज चढत नाही तिथे काही नसतं, अशी माझी समजूत होती. लोकांची जमीन मात्र त्या बारीक आकड्यांत होती.

दुपारी खोलीवर येऊन मी जबाब लिहायला बसले. सुनावणीची तारीख लागली होती, दहा दिवसांवर. दीड पान झालं. 'कष्टकरी जनतेच्या अज्ञानाचा गैरफायदा' वगैरे. मैत्रिणीने ते ओळ न ओळ वाचलं आणि विचारलं, "यात तू कुठेयस?"

मी शोधलं. मी कुठेच नव्हते.

तिने पेन घेऊन खोडायला सुरुवात केली. शेवटी चार वाक्यं उरली. हा कागद मी वाचून दाखवला. दुसरं पान मी वाचलं नाही. त्यात विहीर आहे हे कुणालाही सांगितलं गेलं नाही. अंगठे त्यानंतर घेतले. इतकं छोटं काही मी कधीच लिहिलं नव्हतं, आणि इतकं लाजिरवाणंही.

"कागद पाठवला तर विचारतील, ही बाई कुठे आहे?" ती म्हणाली. म्हणून मी तिच्याच विमानाचं तिकीट काढलं. उरलेले दोन दिवस आम्ही शहर पाहिलं. प्रत्येक पाटीपुढे ती हाताची घडी घालून उभी राहायची आणि मी मापांसकट सगळं वाचायचे. निघण्याआधी तिने आयला फोन लावून माझ्या हातात दिला. मला वाटलं होतं शिव्या बसतील. आय म्हणाली, "ये पोरी. या वेळेला सावकाश वाच."

सुनावणी सोमवारी आहे. ठसा तो ठसा, असं म्हणून माझी चार वाक्यं बाजूला सारली जातील, हे शक्य आहे. विहीर परत मिळेल की नाही, मला माहीत नाही. तोपर्यंत बायका हायवे ओलांडतच आहेत, आणि त्यांना तिकडे पाठवणाऱ्यांत मी आहे.

तुम्ही कधी कुणाला कागद वाचून दाखवला असेल आणि त्याखाली अंगठा उमटला असेल, तर त्या घरी जा. नक्कल काढायला मदत करा. ओट्यावर बसून तो पुन्हा पहिल्यापासून वाचा, तक्त्यासकट. जे समजणार नाही तिथे थांबा आणि "मला कळत नाही" असं मोठ्याने म्हणा. कुंपणाचे खांब ट्रकमधून उतरायच्या आधी जा.