न मोजलेले कर्ण

समांतरभुज चौकोन शिकून मुलांना काय उपयोग, असं तुम्ही फोनवर विचारलंत. उत्तर लिहूनच देते. बोलताना जमलं नसतं.

मी पेणला इंग्रजी शाळेत, मॅट्रिकच्या वर्गात होते. गावात एवढी शिकलेली मुलगी मी एकटीच. खाडीकाठी आमचं एकच शेत. त्यातला भात घराला वर्षभर पुरायचा. शेत रस्त्यालगत, म्हणून ते बाबांच्या चुलतभावाला हवं होतं. बदल्यात काका त्यांचं आतलं, तेवढ्याच मापाचं शेत देणार होते. मोजायला बाबांनी मला नेलं.

गाठी मारलेल्या दोरीने मी चारही बांध मोजले. लांबीचे दोन्ही एकशेवीस हात, रुंदीचे दोन्ही ऐंशी. आमच्या शेताइतकेच.

बाबा कोपऱ्यावर उभे राहून बघत होते. "मला तिरकं दिसतं गो."

"समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत, बाबा. म्हणजे आयतच. आपल्या शेतासारखा. पुस्तकात आहे."

काका हसले. "ऐकलंस ना? आता पोरीच्या पुस्तकालाबी खोटं पाडतोस काय?"

पुस्तकात तसं नव्हतं. तेवढ्यावरून चौकोन फक्त समांतरभुज ठरतो. आयत ठरायला त्याचे दोन्ही कर्णही सारखे लागतात. मला हे पाठ होतं, इंग्रजीतून. शेत तिरकं आहे हे दिसतही होतं. पण चार माणसांत बाबांना गप्प करताना मला मोठेपणा वाटला. कर्णावर दोरी टाकलीच नाही. बाबांनी कागदावर अंगठा उठवला.

लावणीला रोपं नेहमीइतकीच काढली होती. शेत भरलं, तरी जुड्या बांधावर उरल्या. आई त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मी चिखलातून दोरी नेऊन कर्ण मोजले. एक दुसऱ्याहून साठावर हातांनी लांब. शेताचा आठवा हिस्सा तिरकेपणात गेला होता.

"काकांना सांगते," मी म्हणाले.

"काय सांगशील?" आई म्हणाली. "सगल्यांसमोर व्हय तूच बोललीस."

दरवर्षी भादव्यात कणगीचा तळ दिसू लागला. आई कण्या शिजवी. मला कुणी कधी बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढे मी रोह्याला शिक्षिका झाले. सुट्टीत घरी गेले की बाबा आलेला सरकारी कागद बंडीच्या खिशात घालत, ओटीवर बसलेल्या माझ्यासमोरून उठत, आणि वाचून घ्यायला दुसऱ्या आळीत जात.