पॅरिस ठीक आहे, पण मूळची कुठली?

समोरच्या माणसाचं मूळ गाव कळल्याशिवाय माझ्या सासूबाईंना चैन पडत नाही. पुण्यात हे खपून जातं. अमेरिकेत ॲन आर्बरला आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा मी त्यांना बजावलं, की इथे असं विचारत नाहीत. त्यांनी मान डोलावली. मान त्या फार छान डोलावतात.

पहिल्याच रविवारी शेजारीण चहाला आली. ती युनिव्हर्सिटीत शिकवते, जन्म पॅरिसचा. सासूबाईंनी तिचे काळेभोर कुरळे केस निरखले आणि मला म्हणाल्या, "पॅरिस ठीक आहे गं, पण मूळची कुठली? विचार."

"आई, नको ना प्लीज."

"विचार गं! मला काही तिचं लग्न जमवायचं नाहीये."

शेवटी मी विचारलं. शेजारणीने कप खाली ठेवला.

"पॅरिसला घर भाड्याने घेताना, नोकरी मागताना, हेच विचारायचे," ती म्हणाली. "आजोबा अल्जीरियाचे, एवढं सांगितलं की मी फ्रेंच उरायचेच नाही. इथे आल्यावर पहिल्यांदा लोक मला नुसती फ्रेंच म्हणाले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगली मैत्रीण हातची गेली, असंच वाटलं.

मी सगळं मराठीत सांगितलं. सासूबाईंनी त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. "अल्जीरियात गाव कोणतं?"

मी जीव मुठीत धरून तेही विचारलं. शेजारीण गोंधळली. गावाचं नाव तिला आठवावं लागलं. मग तिथे पिकतं काय, समुद्र किती लांब, घर अजून आहे का, अशी सरबत्ती सुरू झाली. अंजिरं पिकतात म्हटल्यावर सासूबाई खूश.

"म्हणजे आपल्या सासवडसारखंच की! आणि आम्ही तरी कुठले पुण्याचे? मूळचे कोकणातले. ते गाव मी अजून पाहिलेलं नाही."

हे मी इंग्रजीत सांगितल्यावर शेजारीण डोळे पुसत हसायला लागली. "गावाचं नाव आजवर कुणी विचारलंच नव्हतं," ती मला म्हणाली. "सगळे अल्जीरियापाशी थांबायचे."

संध्याकाळी सासूबाई फोनवर बहिणीला सांगत होत्या, "सुनेची मैत्रीण आली होती. फ्रेंच आहे. अगं, पक्की फ्रेंच! चहात दूध फार झालं म्हणून मला तोंडावर सांगून गेली."