गणोजीच्या विहिरीतला हिरवा खडा

हे मी कोणालेच सांगतलं नाई. बायकोलेबी नाई. तुमाले आज सांगून राहिलो — काहून, ते मलेच समजत नाई.

विलायतेले आपला कापूस पायजे होता, तवाची गोष्ट. कास्तकार कापसाच्या गाड्या रिकाम्या करत आन् थेट अमरावतीच्या सराफ्यात आमच्याकडं येत. सोनं खरं का खोटं — माझा शब्द शेवटचा. लय मिजास होती मले.

तिवशाकडचा गणोजी माळी आला. विहीर खंदता खंदता त्याले काळ्या खडकात एक पोकळी लागली होती. तिच्यातला एक खडा त्यानं धोतराच्या सोग्यात बांधून आणला होता. सोगा सोडला आन् — काय सांगू तुमाले? हिरवा. पाण्यावानी आरपार. चारी बाजू सरळ, कोणी घासून ठेवल्यासारख्या. उभ्या जन्मात असं काई पाहलं नव्हतं मी.

"आत दिवा नेला तं भिताडभर हेच चमकते जी," गणोजी म्हणाला. "खरं असन तं विहीर बाजूले सरकवतो. खोटं असन तं उद्या सुरुंग लावतो. तुमी सांगा."

तो बैलायसाठी सरकीची ढेप घ्याले बाजारात गेला. मी खडा उन्हात धरला, ओठाले लावला. थंडगार. देवच हातात आला असं वाटलं — खोटं नाई बोलत. पण हे हाय काय? पाचू नाई. काच नाई. मले नावच सुचेना. मंग आमाले जे येते तेच केलं. सोनं आगीत पारखतो ना आमी? खडा शेगडीत ठेवला आन् फुंकणी मारली.

तडतडला. पांढरा पडला. कांद्यावानी पापुद्रे सुटले आन् चिमट्यात नुसता भुगा राहिला.

गणोजी परत आला. 'हे काय हाय, मले मालूम नाई; खडा मीच जाळला' — एवढंच तं म्हणायचं होतं. जड होतं का ते? मी म्हणलं, "खोटा होता. आगीत टिकला नाई."

त्यानं मान डोलावली आन् गेला.

सुरुंग लागला. खाली पाणीबी लागलं, गोड. मी पाहाले गेलो तं काठावरच्या दगडांत हिरवा चुरा अजून चमकून राहिला होता. माझे हात आपोआप जोडल्या गेले. गणोजीले वाटलं, विहिरीले जोडले.

"तुमी सांगतलं म्हून पाणी लागलं जी," तो अजून म्हणते. दरसाल त्या पाण्यावरचे वांगे घेऊन येते.

मी घेतो.