दारू सोडलेली दारू

समुद्रापासून एवढ्या लांब राहून समुद्राची एवढी उस्तवार करणारा माणूस माझ्या मामाशिवाय साऱ्या विदर्भात दुसरा नसेल. असलाच तर त्या दोघांची गाठ पडू नये, कारण दोघं मिळून वैनगंगेत मीठ टाकायला कमी करणार नाहीत. आरमोरीला मामाच्या पुढच्या खोलीत खाऱ्या पाण्याची एक काचेची पेटी आहे. तिला मामा टाकी म्हणत नाही, पेटी म्हणत नाही, 'समुद्र' म्हणतो. "जरा समुद्राकडे पाहजो, मी अंघोळ करून येतो," असं शेजारणीला सांगतो आणि तीही बिचारी हातातलं सूप घेऊन समुद्राकडे पाहत बसते.

पण समुद्राआधी आमच्या घरात काय होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची गंमत नुसती गंमत वाटेल. आम्ही ढिवर. बाप तलावात जाळं टाकायचा आणि मिळालेला मासा मोहाच्या दारूत बुडवायचा. आई टोपलं डोक्यावर घेऊन दारोदार फिरायची आणि परत येईपर्यंत घरात तांदूळ असेलच असं नसायचं. एक दिवस बापानं जाळंच दारूवाल्याकडे देऊन टाकलं. जाळं गेलं म्हणजे ढिवराचे हात गेले. त्या दिवशी मामा सायकल घेऊन आला, आईला म्हणाला, "चाल," आणि मला पुढच्या दांडीवर बसवलं. आई मागून चालत आली. आरमोरीला पोचल्यावर मामा उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "ह्या घरात तो वास कधी येनार नाई, बाई." बाप तिकडे गावातच राहिला आणि तिकडेच गेला. त्याची दारू शेवटपर्यंत सुटली नाही. आई पुढे आमच्या मोहल्ल्यातल्या बायांच्या दारूबंदी समितीची म्होरकी झाली. जिल्ह्यात दारूबंदी सरकारची आहे, पण आमच्या गल्लीत ती माझ्या आईची आहे.

मामानं लग्न केलं नाही. आम्हाला आणल्यावर त्याला कोणी विचारलंही नाही. मत्स्यबीज केंद्रात नोकरी होती, रोहू-कतल्याची पिल्लं पिशव्यांत भरून गावोगावच्या तलावांत सोडायची. मी चंद्रपूरला नोकरीला लागले, गल्लीपलीकडे समोरच दोन खोल्या बांधल्या, आई तिकडे राहायला गेली आणि त्याच सुमारास मामा रिटायर झाला. घर एकदम रिकामं झालं. नोकरीत असताना ट्रेनिंगसाठी त्याला एकदा कोकणात पाठवलं होतं. तिथं त्यानं समुद्र पाहिला, बोट बुडवून जिभेला लावला आणि परत येऊन आम्हाला सांगितलं ते एवढंच: "बेटा, एवढा मोठा तलाव, पन त्याचा लिलाव होत नाई." तलावाच्या लिलावात अख्खी हयात भांडलेल्या जातीच्या माणसाला यापेक्षा मोठं आश्चर्य काय वाटणार? रिकाम्या घरात त्याला तो तलाव आठवला असावा. नागपूरहून त्यानं पेटी आणली, समुद्री मीठ आणलं, पाण्यात फेस काढणारं यंत्र आणलं, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आणि बोटं हलवणाऱ्या झाडासारखं दिसणारं एक जिवंत प्रवाळ आणलं. शेजारचे काका येऊन पाण्याची चव घेऊन गेले आणि म्हणाले, "भाऊ, मीठ तर बरोबर पडलं. आता हळदच टाकाची राह्यली."

त्या समुद्राचे लाड विचारू नका. घरात कूलर एकच, त्याचं तोंड समुद्राकडे. आमच्याकडचा मे महिना म्हणजे कावळ्यांनीही उंबऱ्याशी यावं असा, पण मामा अंगणात ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायचा आणि आत मासे थंड हवा खायचे. लाईट गेली की बॅटरीवर हवा द्यायची सोय माशांना, मामाला पुठ्ठा. घरात टीव्ही होता, पण माशांना त्रास होतो म्हणून आवाज बंद करून नुसती चित्रं पाहायचा. पुढे पुढे माणसं आली तरी हळू बोलायला सांगू लागला आणि मग माणसं येईनाशी झाली. मला फोन करायचा तो व्हिडिओ कॉल, पण त्यात मामा कधी दिसायचा नाही. फोन पेटीसमोर धरून मागून आवाज: "पाह्यलं का? आज जेवला." मला वाटायचं, मामा तू जेवलास का. विचारलं तर म्हणायचा, "माझं काय, मी काय समुद्रातला हाव?"

त्यातला एक मासा पावसाळ्यात मेला. उरलेला प्रवाळाच्या बोटांत शिरून बसायचा. मग ती बोटंही मिटायला लागली. मामानं तपासणीची बाटली आणून पाण्यात नायट्रेट मोजलं, ते फार वाढलेलं निघालं. आता, मी आमच्या खानदानातली पहिली पदवीधर, बी.एस्सी. केमिस्ट्री, आणि हे मी अभिमानानं सांगते. माझी नोकरी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. मामाच्या मते बी.एस्सी. झालेल्या माणसाला टीव्हीच्या रिमोटपासून आईच्या गुडघ्यापर्यंत सगळं दुरुस्त करता येतं. त्याचा फोन आला. "बेटा, तो व्हिडिओवाला सांगून राह्यला का पान्यात वोडका टाका. हे काय असते?"

मी त्याला समजावलं. माशाच्या घाणीतून नायट्रेट साचतं. ते खाणारे जिवाणू पाण्यात असतात, पण त्यांना सोबत कार्बन लागतो. नुसत्या चटणीवर जेवण होत नाही, भात लागतो, तसं. अल्कोहोल हा त्यांचा भात. रोज थेंब थेंब घातलं की जिवाणू वाढतात, घाण खातात आणि फेसाच्या यंत्रातून बाहेर निघून जातात. दवाखान्यातलं स्पिरिट चालणार नाही, त्यात मुद्दाम विष मिसळलेलं असतं. सॅनिटायझरमध्ये वासाची औषधं असतात. वोडका चालते, कारण ती पाण्यासारखी साफ असते.

"पान्यासारखी साफ," मामानं म्हटलं आणि फोन ठेवला. माझं बोलणं तिथंच संपायला नको होतं. कारण मामानं जन्मात दारू प्यालेली नव्हती, पण आमच्या भागात जन्मलेल्या माणसाला एक साफ दारू माहीत असते: मोहाची, पहिल्या धारेची. आता ती मिळवायची कुठून? ज्या गावात दारूबंदी असूनही पोराटोरांना ठावठिकाणा माहीत असतो, त्या गावात मामा रीतसर विचारत फिरला. म्होरकीचा भाऊ विचारतोय म्हटल्यावर सगळ्यांनी कानावर हात ठेवले. जे रोज झिंगून पडतात त्यांनीही, "दारू? ते काय असते भाऊ?" असं तोंड केलं. "मले त्या दिवशी समजलं," मामा नंतर म्हणाला, "अख्ख्या आरमोरीत दारूबंदी पाळनारा मी एकटाच नोहोतो." शेवटी कोणीतरी दूरच्या टोल्यावरून, जंगलाकडच्या वस्तीवरून, एक बाटली आणून दिली.

मोहाच्या दारूत नुसतं अल्कोहोल नसतं. मोहफुलाचं काय काय त्यात उतरलेलं असतं, आणि मामानं थेंबाऐवजी झाकणानं ओतली. जिवाणूंची झुंबड उडाली, पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि मासा वर येऊन धापा टाकायला लागला. खोलीत वास भरला, कूलरनं तो वास इमानदारीनं गल्लीत पोचवला. भर दुपारी समितीच्या बाया हातात काठ्या घेऊन वासाचा माग काढत निघाल्या आणि मामाच्या दारात येऊन थांबल्या. सगळ्यांच्या पुढे माझी आई.

मामा बाटली हातात घेऊन पेटीसमोर उभा.

"भाऊ," आई म्हणाली, "तू पेऊन राह्यला?"

"मी कायले पेईन वो, बाई? मासा पेऊन राह्यला."

मागून एक बाई म्हणाली, "आतापावतर लोक दारूसंगं मासा खात होते. यानं तर माशालेच बसवलं!" दुसरी म्हणाली, "पाहा पाहा, कसा झोके खाऊन राह्यला. पयला गुन्हा हाय, समज देऊन सोडा त्याले." बायांची हसून हसून मुरकुंडी वळली.

आई हसली नाही. तिनं मामाच्या हातून बाटली घेतली, बाहेर नालीत पालथी केली, रिकामी बाटली उंबऱ्यावर ठेवली. ज्या उंबऱ्यावर मामानं शब्द दिला होता, त्याच उंबऱ्यावर. आणि गेली. त्यानंतर ती त्या घरात आली नाही. समोरासमोर दारं, मधे बैलबंडी जाईल एवढी गल्ली, पण बोलणं बंद. गल्लीत मात्र वर्षभर पुरेल एवढा विनोद झाला. मामाला रस्त्यात लोक विचारायचे, "काऊन भाऊ, उतरली का माशाची?" मामा हसायचा. घरी येऊन पाणी बदलायचा. अर्धं बदललं, मासा वाचला, पण प्रवाळ मिटूनच राहिलं.

त्या वर्षी भाऊबीजेला मी घरी गेले. मामा अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीवर बसला होता. समोरून हाक आली नाही. आईनं आरतीचं ताट करून ठेवलं होतं, हे मी पाहिलं होतं. तेही तसंच राहिलं. दिवस कलला तेव्हा मामानं सदरा काढून खुंटीला लावला. "मासा एकटा राह्यला ना," तो मला म्हणाला, "तर काचेत आपलंच रूप पाहून त्याच्यासंगं राह्यते. मी पाह्यलं हाय."

मग म्हणाला, "नदी ओलांडून ब्रह्मपुरीले गेलतो. तिकडं कायद्याची मिळते. रांगेत उभा राह्यलो. माझा नंबर आला, मानूस म्हने काय पाह्यजे. मले तुझ्या आईचं तोंड दिसलं. तसाच वापस आलो. आनली असती तरी पुलाच्या अलीकडं तो गुन्हाच. बेटा, दारूबिगर नाई का होत?"

होतं. ते मला आधीच सुचायला हवं होतं, पण पदवी असली तरी सगळं वेळेवर आठवतंच असं नाही. मी म्हटलं, "मामा, दारू उघडी ठेवून तिला आंबू दिलं, की काही जिवाणू तिच्यातलं अल्कोहोलच खाऊन टाकतात. मागे उरतो तो सिरका. वोडकेपेक्षा जास्त घालावा लागतो, अन् हळूहळू, नाहीतर पाणी आंबट होतं. पण तोही भातच आहे."

पुढच्या वेळी मी चंद्रपूरहून पांढऱ्या सिरक्याची बाटली आणली. चायनीजच्या गाडीवरचा नाही. आंबवून केलेला, लेबल वाचून. पण ती मामाच्या घरी न्यायच्या आधी आईसमोर ठेवली. तिच्या पाठीमागून काही नको होतं मला.

आईनं झाकण काढून वास घेतला, नाक मुरडलं. "हे दारू होय?"

"होती. आता नाही."

"नशा?"

"नाही."

"अन् ठेवून ठेवून परत दारू होईन तं?"

"नाही होत, आई. सिरका झाला की तो परत दारू होत नाही."

आईनं बाटली बराच वेळ हातात धरली. समितीत तिनं कितीतरी बाटल्या फोडल्या असतील, पण अशी कोणतीच धरलेली मी पाहिली नव्हती. "दारूनं दारू सोडली," ती म्हणाली. "बाटलीत राहून हिले जमलं. तुझ्या बापाले नाई जमलं."

मग तिनं पायांत चपला घातल्या, गल्ली ओलांडली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "भाऊ, हे घे. झाकनानं नोको वतू." मामा खुर्चीवरून असा उठला की खुर्ची पडली. एवढा मोठा आवाज समुद्रासमोर त्यानं पहिल्यांदाच केला असेल.

पुढचे कितीतरी दिवस मामा रोज सकाळी ड्रॉपरनं थेंब थेंब घालायचा आणि आई शेजारी बसून पाहायची. नंतर नंतर ती येताना भाताचा डबा आणू लागली. माशासाठी नाही, हे ती दरवेळी स्पष्ट सांगायची.

परवा फोन आला. नेहमीसारखाच, मामा नाही, नुसती पेटी. पाणी इतकं नितळ की मागची भिंत दिसत होती. प्रवाळाची बोटं उघडली होती, मासा त्यात लोळत होता. आणि काचेत, माशाच्या मागे, दोन पांढरी डोकी उमटली होती, अगदी शेजारी शेजारी. मामाला वाटत होतं मी मासा पाहतेय. मी हळूच म्हटलं, "दिसलं, मामा."

नायट्रेट उतरलं. प्रवाळ उघडलं. मासा जगला. आमच्या घरात दारू आली नाही, आणि ह्या भाऊबीजेला मामाचा सदरा खुंटीवर राहिला नाही.